बिल कोणाच्या नावानं येतं?

इंदूरच्या सुदामानगरात आमच्या गल्लीच्या टोकाला एक मुलगी राहते. भंवरकुआला क्लास, मध्य प्रदेश राज्यसेवेची तयारी, हातात कायम जाड वही. परवा संध्याकाळी आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "काका, राजकीय रचनेचा कर, धोरण आणि सरकारी नोकऱ्यांवर काय परिणाम होतो, असा प्रश्न आहे. कलमं मला पाठ आहेत. पण खरं सांगा, कर वाढवायचा की नाही, भरती काढायची की नाही, हे शेवटी नेताच ठरवतो ना? मग महापौर लोकांनी निवडला काय नि नगरसेवकांनी निवडला काय, फरक काय पडतो?" आणि निघता निघता दारातून, "अजून एक. पदांच्या पसंतीक्रमात सीएमओ, म्हणजे नगरपालिकेची मुख्य अधिकारी, वर लिहू की वित्त सेवा?"

चहाला थांबली असती तर तोंडी सांगितलं असतं. थांबली नाही, म्हणून लिहून काढतोय. माझी सगळी नोकरी स्थानिक निधी संपरीक्षेत गेली, म्हणजे नगरपालिका, निगम (मराठीत महापालिका), जनपद पंचायती, मंडी समित्या यांच्या हिशेबाच्या वह्या तपासण्यात. त्यामुळे हे उत्तर रोकडवहीच्या बाजूनं आलेलं आहे. परीक्षेत लिहिताना भाषा जरा इस्त्री करून घे.

नेता ठरवतो हे खरंच आहे. पण नेत्याला धास्ती कशाची वाटावी, हे रचना ठरवते. पैसा एकानं घेतला, खर्च दुसऱ्यानं केला आणि बोल तिसऱ्याला लागला, तर ते तिघं कधीच एका घरातल्या माणसांसारखे वागत नाहीत. म्हणून कुठलाही कर समोर आला की मी आधी एवढंच बघतो, बिल कोणाच्या नावानं येतं.

चुंगीपासून सुरुवात करतो, कारण त्यात सगळंच येतं. मराठी पुस्तकांत जकात, आपल्याकडे चुंगी. शहरात शिरणाऱ्या मालावर वेशीवर घेतलेला कर. इंदूरला आता नाक्यांची नावं तेवढी उरलीत, महू नाका, देवास नाका. व्यापाऱ्यांना चुंगीचा जाच होता. गाड्या ताटकळायच्या, कारकुनाची मर्जी सांभाळावी लागायची. पण पालिकेच्या लेखी चुंगी म्हणजे दुभती म्हैस होती. रोजची रोकड रोज जमा. शहर वाढलं की माल वाढायचा, माल वाढला की उत्पन्न, आणि त्यासाठी भोपाळला कुणाचे पाय धरावे लागत नव्हते. शिवाय घरी कुणाला बिल यायचं नाही. साखरेच्या, कापडाच्या भावात तो कर मुरून जायचा, त्यामुळे नगरसेवकाला शिव्या पडत नव्हत्या.

1976 मध्ये, आणीबाणी चालू असताना, मध्य प्रदेशनं चुंगी उठवली. त्याऐवजी प्रवेश कर आणला. तो वसूल करायचा राज्याच्या खात्यानं, आणि पालिकांना द्यायची चुंगी क्षतिपूर्ती, म्हणजे बुडालेल्या चुंगीची भरपाई. ज्या वर्षी सभागृहात किंवा रस्त्यावर घासाघीस करायला वावच नव्हता, त्या वर्षी हा निर्णय झाला, हे तारखेकडे बघूनच कळतं. आता शेजारी बघ. गुजरातनं महानगरांतली जकात 2007 मध्ये काढली. महाराष्ट्रात तर ती कितीतरी वर्षं निघता निघेना. 2010 पासून एकेका महापालिकेत जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला, 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तोही गेला, आणि मुंबईची जकात मात्र 1 जुलै 2017 ला जीएसटी येईपर्यंत टिकली. मुंबई महापालिका पैशानं आणि राजकारणानं इतकी भारी होती की तिच्या हातातली पिशवी ओढून घ्यायची कुणाची छाती झाली नाही. शेवटी पिशवी सोडावी लागली तेव्हा बदल्यात तिनं कायदा पदरात पाडून घेतला. स्थानिक संस्थांना भरपाई किती आणि कधी द्यायची, हे महाराष्ट्रानं 2017 मध्ये अधिनियम करून बांधून दिलं.

आपल्याकडे क्षतिपूर्ती येते ती शासनाच्या आदेशानं. कागदावर दोन्ही "भरपाई"च, पण वहीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. एका लहान नगरपालिकेची तपासणी करत होतो. लेखापालानं क्षतिपूर्तीच्या पानावर पेन्सिलीनं तीन रकाने आखले होते: मंजूर, कपात, हातात. कपात कसली, तर पथदिवे आणि पाण्याच्या पंपांची वीजबिलं थकली होती, ती वरच्यावर वळती करून घेतलेली. हातात पडलेल्या रकमेत त्या महिन्याचा पगार भागत नव्हता. मी विचारलं, हे पेन्सिलीनं का? म्हणाला, "साहेब, शाईनं लिहावं असं काही येतच नाही." मी आक्षेप घ्यायला गेलो होतो, पण आक्षेप घेणार कुणावर? ज्या खर्चावर कपात झाली तो खरा होता, ज्यांनी कपात केली तेही आपल्या जागी बरोबर होते. त्या वर्षी त्या गावात पाणी एक दिवसाआड यायला लागलं आणि मोर्चा निघाला तो पालिकेवर. भोपाळला कुणी गेलं नाही. जाणार कशाला, नळावर नाव पालिकेचं असतं.

तुझ्या वहीत 74 वी घटनादुरुस्ती असेलच, 1 जून 1993 पासून लागू. त्यातलं 243-एक्स पुन्हा वाच, पण या वेळी क्रियापद बघ. राज्याचं विधिमंडळ पालिकांना कर बसवायचा अधिकार "देऊ शकेल", असं आहे. "देईल" नाही. बाराव्या अनुसूचीत 18 कामं ठेवली, पैशाच्या कलमात मात्र "शकेल". कामं खाली उतरली, तिजोरीची चावी राज्याकडे राहिली. पुढचं सगळं त्या एका क्रियापदातून निघालं असं मी म्हणतो. क्लासमधले सर कदाचित याला अतिशयोक्ती म्हणतील.

मग पालिकेच्या हातात उरलं काय? संपत्तीकर. आणि हा कर चुंगीच्या अगदी उलटा. दरवर्षी घरी येणारा, नाव-पत्ता छापलेला, खाते क्रमांकासकट. त्याच कागदावर समेकित कर, शिक्षा उपकर, नगरीय विकास उपकर, सगळे ओळीनं उभे. जीएसटी कितीही द्यावा लागला तरी माणूस तो विसरतो, पण संपत्तीकराचे दोनशे रुपये वाढले तर गल्लीत सभा भरते. म्हणून मध्य प्रदेशात स्वतः राहत असलेल्या घराला निम्मी सूट आहे, म्हणून वाजवी भाडं ठरवायचे दर वर्षानुवर्षं हलत नाहीत, आणि म्हणून थकबाकीदारांसाठी लोक अदालतीत अधिभार माफ होतो. वेळेवर भरणाऱ्याला त्या दिवशी आपण मूर्ख ठरलो असं वाटतं, आणि खोटं सांगू कशाला, मीही त्यातलाच.

आता महापौर. आपल्याकडे महापौर थेट लोकांनी निवडायची पद्धत आली आणि इंदूरचे पहिले थेट निवडलेले महापौर 2000 साली कैलाश विजयवर्गीय झाले. त्याच सुमाराला मेअर-इन-कौन्सिल आली, म्हणजे महापौर आपल्या पसंतीचे नगरसेवक घेऊन छोटं मंत्रिमंडळ करणार. 2019 मध्ये सरकारनं ठरवलं की महापौर नगरसेवकांनी निवडावा. 2020 मध्ये मुदत संपली, निवडणूक लांबली, प्रशासक बसले. 2022 मध्ये नियम पुन्हा फिरवला आणि त्या जुलैत लोकांनी थेट महापौर निवडला. तू विचारतेस फरक काय. नगरसेवकांनी निवडलेल्या महापौराला धास्ती असते सभागृहाची, आपल्या इंदूरला 85 वॉर्ड, म्हणजे 85 जणांच्या गल्लीतल्या नाल्या आणि पेव्हर ब्लॉक. त्याच्या बजेटात रक्कम बारीक तुकड्यांत वाटली जाते. थेट निवडलेल्याला दिसायला मोठं काम हवं असतं, पूल, चौक, रस्ता, आणि संपत्तीकराला हात लावायचाच तर मुदतीच्या पहिल्या दीड-दोन वर्षांत. मी तपासलेल्या बजेटांत हा ठसा इतक्या वेळा बघितलाय की वर्ष झाकून ठेवलं तरी निवडणूक किती लांब आहे ते सांगेन.

पण या दोघांपेक्षा मोठी गोष्ट अशी, की आयुक्त भोपाळहून येतो आणि भोपाळच त्याची बदली करतं. निगमातला मोठा पदसमूह मंजूर कोण करतं? भोपाळ. मतं महापौराकडे, माणसं आयुक्ताकडे, पदं शासनाकडे. तिघांचं जमलं तर काय होतं ते इंदूरनं स्वच्छतेत दाखवलंय, 2017 पासून सलग सात वेळा देशात पहिला नंबर. जमलं नाही की फाइल फिरत राहते आणि आमच्यासारखे लोक पुढल्या वर्षी तिच्यावर आक्षेपाची कंडिका लिहितात.

संपत्तीकराचा एक किस्सा तर परीक्षेत लिहिण्यासारखा आहे. 2020 च्या मे महिन्यात, कोरोनात, केंद्रानं राज्यांना ज्यादा कर्ज काढायची मुभा दिली, राज्याच्या सकल उत्पन्नाच्या 2 टक्के. त्यातला अर्धा भाग चार सुधारणांशी बांधलेला, प्रत्येक सुधारणेला पाव टक्का. त्यातली एक अशी की संपत्तीकराचा किमान दर त्या भागातल्या सरकारी जमीनदराशी जोडा. मध्य प्रदेशनं ही अट पूर्ण केली, आणि असं करणाऱ्या पहिल्या राज्यांत आपण होतो. आपला दर आता कलेक्टर गाइडलाइनशी जोडला गेला. मग 15 व्या वित्त आयोगानंही तेच धरून ठेवलं: पालिकांना अनुदान हवं तर किमान दर अधिसूचित करा, लेखापरीक्षण झालेले हिशेब लोकांसमोर ठेवा. आता हिशेब कर. सुदामानगरातल्या दुमजली घराचा कर कशावरून हलला? दिल्लीच्या एका कर्जमर्यादेवरून. त्यासाठी इंदूरच्या कुठल्याही नगरसेवकानं हात वर केला नाही. पण बिल आलं निगमाचं, आणि झोन कार्यालयाच्या खिडकीवर भांडण झालं ते तिथल्या बाबूशी.

(यातली एक अट मला मनापासून आवडली, हे कबूल करतो. हिशेब तपासून लोकांसमोर ठेवायचे. आमचे अहवाल कोणी वाचतं की नाही, हा प्रश्न मला नोकरीभर छळत होता.)

पैसा कमी पडला की शहर बाजारात जातं. फेब्रुवारी 2023 मध्ये इंदूर निगमानं हरित रोखे काढले, 244 कोटींचे, सव्वाआठ टक्के व्याजानं, सामान्य गुंतवणूकदारालाही घेता येतील असे. कशासाठी, तर जलूदला सौर प्रकल्प, कारण नर्मदेचं पाणी तिथून उपसून इंदूरला आणायची वीज निगमाला फार महाग पडते. वडोदऱ्यानंही 2022 मध्ये 100 कोटींचे रोखे काढले होते. रोख्यांमुळे शहराला एक नवा मालक मिळतो, जो मत देत नाही पण वसुलीचं खातं बघतो. माझ्या मते संपत्तीकराची वसुली सुधारण्यात येत्या काळात मतदारापेक्षा या मालकाचा हात जास्त राहील. चांगलं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

वडोदऱ्याचं नाव निघालं म्हणून. माझी आत्या तिथे दांडिया बाजारात राहायची आणि तिच्या मुलाचा व्यवसाय कर वडोदरा महापालिकेत जमा होतो. माझ्या पगारातून जो कापला जायचा, तो राज्याच्या वाणिज्यिक कर खात्यात. घटनेचं कलम तेच, 276, कमाल मर्यादाही तीच, वर्षाला 2500 रुपये. फक्त गुजरातच्या विधिमंडळानं तो स्थानिक संस्थांना दिला, आपल्यानं ठेवून घेतला. दारूचं त्याच्याही पुढे. गुजरातेत राज्य झाल्यापासून दारूबंदी, म्हणजे ते उत्पन्नच नाही. आपल्याकडे आबकारी हा राज्याच्या उत्पन्नाचा मोठा खांब. 2023 मध्ये आपण अहाते, म्हणजे दुकानाला लागून बसून प्यायच्या जागा, बंद केले, दुकानं ठेवली. धोरण म्हणून काय वाटेल ते म्हणा, तिजोरीला विचारून काढलेला तो मधला रस्ता होता.

जीएसटीनं तर हे अजून घट्ट झालं. त्याचे दर सुचवणाऱ्या जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठराव व्हायला तीन चतुर्थांश लागतात. गणित करून बघ: केंद्र नको म्हणालं तर सगळी राज्यं एक झाली तरी ठराव होत नाही. केंद्र हो म्हणालं तर राज्यांच्या पाच अष्टमांश मतांत काम होतं, सगळी 31 हजर असतील तर 20 राज्यांत. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, पण वेगळा दर लावून स्वतःच्या व्यापाऱ्याला गोंधळात घालायचं धाडस कोण करणार? म्हणून अर्थमंत्री हात घालतो तो परिषदेबाहेर उरलेल्या ठिकाणी, पेट्रोल-डिझेल, दारू, मुद्रांक, वाहन कर. आपल्याकडे पेट्रोल शेजारच्या उत्तर प्रदेशापेक्षा महाग का, याचं अर्धं उत्तर इथे आहे. बाकीचं अर्धं लाडली बहनासारख्या योजनांतून बायकांच्या खात्यात दरमहा जाणाऱ्या रकमांत. ते बिल मात्र कोणालाच जात नाही, फक्त एसएमएस जातो आणि त्यावर नाव ठळक असतं.

हे नवं आहे असं समजू नकोस. माळव्याची अफू इथल्या जमिनीत पिकायची, इथल्या सावकाराच्या पैशावर, होळकर-शिंद्यांच्या मुलखात. पण जहाज लागायचं मुंबईला, म्हणून पासाचे, म्हणजे माल नेण्याच्या परवान्याचे, पैसे घ्यायचे इंग्रज. सुरुवातीला दर फार चढवता येत नव्हता, कारण चढवला की माल कराचीच्या वाटेनं जायचा. 1843 मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला, ती वाट बंद झाली, आणि मग पासाचा दर चढतच गेला. वीसेक वर्षांत तो कित्येक पटींनी वाढला. अफू तीच, शेतकरी तोच. रस्त्याची मालकी बदलली म्हणून कर बदलला.

आता नोकऱ्या, म्हणजे तुझ्या जिव्हाळ्याचा विषय.

आमचे आजोबा होळकर दरबारच्या महसुलात कारकून होते. 1948 मध्ये मध्य भारत झाला तेव्हा त्याच खुर्चीवर ते मध्य भारताचे झाले. अर्धं वर्ष राजधानी ग्वाल्हेर, अर्धं वर्ष इंदूर, कारण दोन दरबारांपैकी एकानंही मागे हटायचं नव्हतं. 1956 मध्ये तीच खुर्ची मध्य प्रदेशाची झाली. राजधानी भोपाळला गेली, मग रुसलेल्यांची समजूत काढायला कचेऱ्या वाटल्या. उच्च न्यायालय जबलपूरला, ग्वाल्हेरला राजस्व मंडळ, महालेखाकार, आबकारी आणि परिवहन आयुक्त, इंदूरला लोकसेवा आयोग आणि विक्रीकराचं मुख्यालय. तू ज्या आयोगासमोर मुलाखत देणार ना, तो राजधानीत नसून इथे आहे तो या वाटणीमुळे. सत्तर वर्षं होत आली, एक कचेरी हलवायची म्हटली तरी ग्वाल्हेरला अजून बंद पाळतात. कारण कचेरीभोवती फक्त बाबू नसतात. वकील असतात, टंकलेखक, झेरॉक्सवाले, खानावळी, भाड्याच्या खोल्या. इंदूर-ग्वाल्हेरच्या किती मराठी घरांची तीन पिढ्यांची चूल या एका वाटणीवर पेटली!

पण नोकरीचं स्वरूप सगळ्यात जास्त बदललं ते पंचायत राजनं, आणि ही गोष्ट पुस्तकात धड सापडत नाही. 73 व्या दुरुस्तीनंतर पंचायत निवडणुका घेणारं पहिलं राज्य आपलं, 1994 मध्ये. मग प्राथमिक शाळा पंचायतींकडे आल्या. पंचायतीनं नेमलेला मास्तर तो शिक्षाकर्मी, राज्याचा कर्मचारी नव्हे. पगार कमी, पेन्शनची जबाबदारी राज्यावर नाही. जुन्या शिक्षकांचा संवर्ग "डाइंग कॅडर" ठरवला, माणूस निवृत्त झाला की पद संपलं. 1 जानेवारी 1997 पासून शिक्षण हमी योजना: एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि गावानं 40 मुलांची यादी दिली, आदिवासी भागात 25 ची, की 90 दिवसांत गुरुजी. शाळा झपाट्यानं उघडल्या, हे नाकारता येत नाही. मी स्वतः झाबुआ भागातल्या जनपदांच्या वह्यांत ते बघितलं, एका वर्षात मस्टरची, म्हणजे हजेरीपटाची, पानं दुप्पट झालेली.

पण ज्याला पंचायतीनं नेमलं, तो मत द्यायचा विधानसभेला. आणि तो एकटा नव्हता, राज्यभर पसरलेला, शिकलेला, निवडणुकीत मतदान केंद्रावर ड्यूटी करणारा होता. मग आंदोलनं, मग एकेक पायरी: संविदा (कंत्राटी) शिक्षक, 2007 मध्ये अध्यापक संवर्ग, 2018 मध्ये राज्य शाळा शिक्षण सेवा. वीस वर्षांनी तो पुन्हा राज्याचा कर्मचारी झाला, पण 2005 नंतरच्या नव्या, अंशदायी पेन्शनचा. विकेंद्रीकरणानं नोकरी स्वस्त केली होती, निवडणुकांनी ती हळूहळू पुन्हा महाग केली. 2018 मध्ये निवृत्तीचं वय 60 चं 62 झालं, तेही निवडणुकीचंच वर्ष.

निगमातही असंच. सकाळी पाचला झाडू घेऊन निघणारे, कचरागाडीवरचे, ज्यांच्या जिवावर आपण पोहे-जिलबी खात स्वच्छतेच्या गप्पा मारतो, त्यांतले कितीतरी मस्टरवर, म्हणजे रोजंदारीवर असतात. नियमित पद भोपाळनं मंजूर करायचं, काम मात्र रोज सकाळी करून घ्यायचं इंदूरला. मधली फट मस्टरनं भरते. 2006 मध्ये उमादेवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मागच्या दारानं कायम करायला बंदी घातली. मग राज्यानं 2016 मध्ये नवा शब्द काढला, स्थायीकर्मी. नाव स्थायी, पद नाही. मला आयुष्यभर सरकारी शब्दांचा नाद आहे, त्यात हा शब्द फार वर लावतो.

न्यायालयही एक राजकीय संस्थाच आहे, हे तुमच्या उत्तरांत कोणी लिहीत नाही. 30 एप्रिल 2016 ला उच्च न्यायालयानं 2002 चे पदोन्नती नियम रद्द केले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, जैसे थे झालं, आणि पदोन्नत्या थांबल्या त्या थांबल्याच. माझ्याबरोबरचे कितीतरी जण वरच्या पदाचा प्रभार सांभाळत सांभाळत खालच्या पदावरून निवृत्त झाले. 2025 च्या जूनमध्ये नवे नियम आले, तेही लगेच न्यायालयात गेले. तुला 87-13 माहीतच आहे. 2019 मध्ये मागासवर्गाचं आरक्षण 14 चं 27 टक्के केलं, एकूण बेरीज पन्नासच्या वर गेली, न्यायालयानं रोखलं, मग आयोगानं निकाल दोन याद्यांत लावायला सुरुवात केली, 87 टक्के जागांची एक आणि अडलेल्या 13 टक्क्यांची दुसरी. 13 टक्के जागांवरचा निवडलेला मुलगा ना उत्तीर्ण ना नापास. इथे विधानसभेनं मत मिळवलं, न्यायालयानं नियम सांभाळला, आणि वाट बघायचं बिल आलं भंवरकुआच्या खोल्यांत राहणाऱ्या पोरांच्या नावानं.

आणि आमच्या नावानं आलेलं सांगतो. 2000 मध्ये छत्तीसगड वेगळं झालं. पुनर्रचना कायद्याच्या कलम 49 प्रमाणे जुन्या पेन्शनचा बोजा दोन्ही राज्यांनी वाटून घ्यायचा. म्हणून आमचा महागाई भत्ता वाढवायचा तर भोपाळनं रायपूरची सहमती मागायची पद्धत पडली. कामावर असलेल्यांचा आदेश निघतो, आमची फाइल रायपूरला. राजवाड्याशेजारी सकाळी फिरायला येणारी आमची पेन्शनर मंडळी राज्यशास्त्र शिकलेली नाहीत, पण कलम 49 लहान मुलालाही समजावून सांगतील.

परदेशी अभ्यासही या विषयात पुष्कळ आहेत, अध्यक्षीय पद्धतीत सरकारचा खर्च संसदीयपेक्षा कमी राहतो वगैरे. एक-दोन ओळी लिही, गुण मिळतील. त्यापेक्षा मला बंगालच्या बीरभूम आणि राजस्थानच्या उदयपूरचा अभ्यास जवळचा वाटतो. सरपंचपद स्त्रियांसाठी राखीव झालं तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झाला. राखीव जागा कुठे येणार हे फेरीनं ठरत होतं, म्हणून तुलना करता आली. आपल्याकडे स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. पतीच सही करतो हे मीही बघितलंय, पण विहिरीच्या आणि हातपंपाच्या नोंदी वाढलेल्याही बघितल्या आहेत.

आता पसंतीक्रम. सीएमओ झालीस तर तिशीच्या आत एका गावाची नळपट्टी, कचरा, दिवे, अतिक्रमण, सगळं तुझ्या टेबलावर. अध्यक्ष खुर्चीशेजारी, आमदार फोनवर, आणि पगाराची तारीख त्या पालिकेच्या वसुलीवर आणि क्षतिपूर्तीवर टांगलेली. वित्त सेवेत पगार कोषालयातून, एक तारखेला, कामात धूळ फार आणि शिव्या कमी. तू दोन्ही नीट करशील. पण फॉर्म भरण्याआधी एखाद्या लहान नगरपालिकेत जा, लेखापालाला क्षतिपूर्तीची नोंदवही दाखवायला सांग, आणि तिथले आकडे शाईनं लिहिलेत की पेन्सिलीनं, ते बघून ये.